लाल दोरीचं पोतं

वोंगानी आला सायकलवरून, मागे दोन पोती बांधून,
एकाला हिरवी दोरी, एकाला लाल.
म्हणाला, न्यामुंथाली, दोन्हीत घेवडा तुझाच भर,
हिरव्यात पाल्याची पूड घाल,
लालात काही नको. तुलनेसाठी.
म्हटलं, लालातलं खाणार कोण?
म्हणाला, किडे. आपण मोजायचे.

पाला बांधावरचा. चार दिवस सावलीत,
उन्हात टाकला तर दम जातो त्याचा.
चितेंजेचं टोक नाकावर बांधून कुटला,
तरी शिंका. मुसळ थांबवायचं, शिंकायचं, पुन्हा मुसळ.
ह्याच पाल्यानं माझा नवरा
रुकुरूच्या डोहात मासे भुलवायचा,
पोटं वर करून तरंगत यायचे,
डोळे उघडे, काहीतरी विचारायचं राहिल्यासारखे.
उखळ मी अजून नदीवर धूत नाही.

पंचवीस किलोला अर्धा किलो, त्याच्या तराजूवर.
माझ्या मापानं दहा ओंजळी.
हिरव्यातले दाणे मळकट झाले,
लालातले लखलखीत,
लग्नाला निघाल्यासारखे.

महिना झाला नाही तोच
रात्री लाल पोत्याला कान लावला.
दाणा आतून पोखरतात तेव्हा
वाळूवर वाळू पडावी एवढाच आवाज होतो.
तोवेरानं झोपेत कूस बदलली.
पंचवीस किलो!
आणि मला म्हणतात, हे जाऊ दे,
मोजता यावं म्हणून.

पूड उरली होती डब्यात.

सप्टेंबरात तो आला. चिमटा, वही, काचेची बशी.
आदल्या दिवशी मी लाल पोतं
दोनदा पाखडून ठेवलेलं.
हिरव्यातले शंभर दाणे, भोकं चार.
लालातले शंभर, भोकं सहा.
त्यानं पोत्यात तोंड घातलं, शिंकला,
माझ्याकडे पाहिलं.
मी कोंबडीला हाकललं.
वहीत त्यानं लिहिलं,
आणि मला वाचता येतं:
फरक आढळला नाही.

आता किडा खात नाही, मन खातं.
पोर कष्टाळू आहे, चढावर सायकल ढकलत येतो.
आणि दुकानात पांढऱ्या पुडीचा भाव
परवा पुन्हा दोनशे क्वाचांनी वाढला.

काल न्याचिर्वाला डबाभर पूड दिली.
ती म्हणाली, पण वहीत तर
पाला कामाचा नाही असं आहे म्हणे?
म्हटलं, मग पोत्यात वही घालून बघ.