दोनशे पाच

मर्डो चाकाच्या कमानीत मुलांची खेळायची माती थापतो,
हिरवी, बोटभर जाड,
म्हणतो, आता स्टिअरिंग पूर्ण वळव.
मी वळवते. रॅम्पवरची गाडी कण्हते.
माती एका जागी चेपून कागद होते.
"चार मिलिमीटर," तो म्हणतो, "आणि खड्ड्यात तेही नाहीत."

बाहेर फाइफचा मार्च. समुद्रावरून आलेला तिरका पाऊस,
परत जायची घाई नसलेला.

मला दोनशे पंचवीस हवेत.
आत्ता आहेत एकशे पंच्याण्णव, पंधरा इंची,
ट्रॅकवरच्या रविवारांनी कडा कुरतडलेले.
गेल्या हंगामात उताराच्या वळणानंतर
एका दंतवैद्याने मला मागे टाकलं, वर हातही हलवला.
पुढे अर्धा मिनिट मला त्याचे मागचे टायरच दिसत होते,
दोन काळे उंबरठे.

मर्डो पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ऑफसेट काढून दाखवतो.
चाक आत घेतलं तर स्प्रिंगला घासतं,
बाहेर काढलं तर पत्र्याला.
"पत्र्याची कड तापवून दुमडता येते, रोलर फिरवत, हळूहळू.
रंग तडकला तर माझ्या नावाने ओरडायचं नाही.
अंथरूण एवढंच आहे, इशबेल.
पाय तू बघ."

आठवड्याचे पाच दिवस मी पियानो लावते.
शाळांचे, चर्चचे,
आणि एका म्हाताऱ्या खाटकाचा, ज्याला वाजवता येत नाही.
त्यामुळे असेल, मला टायर ऐकू येतात.
अरुंद टायर बोलका. आधी कुजबुजतो,
मग एक सूर धरतो,
मग तो सूर अर्ध्या पट्टीने वर सरकतो
आणि मला कळतं, आता सुटणार.
तेवढ्यात मी पाय किंचित उचलते.
आमचं तसं ठरलेलं आहे.

मर्डोने कड दुमडून दिली.
रुंद टायरांचा एक जुना संचही दिला, एका रविवारपुरता.

दीड सेकंद!
दंतवैद्य आरशात, आणि मग आरशातही नाही.
मी हसत होते, हेल्मेटच्या आत, एकटीच.
गाडी मात्र गप्प.
सगळ्याला हो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी.
पाचव्या फेरीत, त्याच उतारावर,
तिने एक शब्द न बोलता हात सोडला.
गवत, आभाळ, गवत.
मग नुसते वायपर, आपलं काम करत.
झेंडा काखेत धरून मार्शल आला.
"काही ऐकूच आलं नाही," मी म्हणाले.
"मी तर इथेच उभा होतो," तो म्हणाला. "मलाही नाही."

घरी येताना ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या
स्टिअरिंग माझ्या हातातून मागून घेत होत्या.
डनफर्मलिनच्या अलीकडे पाणी साचलेलं;
दोन सेकंद गाडी रस्त्यावर नव्हतीच.
रुंद पाऊल पाण्यात बुडत नाही, पाण्यावर चढून बसतं.
हे मर्डोने सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं.

सोमवारी खाटकाचा पियानो.
एवढ्या जुन्या वाद्याला मैफलीच्या पट्टीपर्यंत ओढत नाहीत.
तारा येतील ओढून, चौकट येत नाही.
थोडं खाली लावायचं, पण सगळ्या सुरांना एकमेकांशी जुळवून.
हे मी वीस वर्षं लोकांना समजावते आहे,
त्याच किल्लीने, त्याच आवाजात.

किल्ली तारेवर तशीच ठेवून मी फोन लावला.
"दोनशे पाच," मी म्हटलं. "सात इंची रिम."
मर्डो बराच वेळ काही बोलला नाही.
"दंतवैद्य पुढे जाईल."
"माहीत आहे."
माहीत आहे, पण चालणार आहे असं नाही.
रात्री झोपताना ते दोन उंबरठे अजून दिसतात.

शुक्रवारी गाडी आणायला गेले.
वळणावर एकदा मुद्दाम जोरात घातली:
कुजबूज, थोडी जाड आवाजातली, पण आहे.
मर्डोकडे शिकायला येणाऱ्या कर्स्टीने
कमानीतली हिरवी माती नखाने खरवडून काढली होती,
तिचं बदक केलं होतं,
आणि ते माझ्या बिलावर ठेवलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून.