चार मिनिटं, अकरा सेकंद

शाहूपुरी, गुळाची पेढी, माडीवरची खोली.
एफ-नाईन दाबून मी खाली चहाला जातो.
परत येईतो कोपऱ्यात टक्के चढतच असतात,
सदतीस, अडतीस,
आणि गाळ्यापुढचा एक ट्रक रिकामा झालेला असतो.

फंक्शन माझंच. नाव ‘अडतकाढ’.
तीन रात्री जागून लिहिलेलं:
वजन घ्यायचं, भाव घ्यायचा,
तोलाई वजा, हमाली वजा, अडत वेगळी.
चौदा हजार ओळी.
दर ओळीला ते नव्यानं चपला घालून निघतं,
रस्ता ओलांडतं, हिशेब विचारून येतं,
पुन्हा चपला.
एका ढेपेसाठी एक खेप.

मुजावरांची शबाना ऑडिटपुरती आलेली.
“काका, हे साध्या सूत्रात हुतंय की.”
तिनं एक ओळ टाइप केली, खाली ओढली,
झालं.
मी उगाच घड्याळाकडं बघितलं.

चौगुले अण्णांना पावकी, निमकी, औटकी पाठ होती.
आकडा सांगेतो उत्तर.
म्हणायचे, आत मुरलेलं असलं की
आणायला जावं लागत नाही.
मी तेव्हा कॅल्क्युलेटर शोधत असायचो.

मग बेरजा ताडल्या.
फरक नेमका चारशे वीस रुपयांचा.
शबाना हसली. मी नाही.
माझ्या कोडात, एकेचाळिसाव्या ओळीत, एक ‘जर’ होता:
जर शेतकरी भिमाबाई खोत, सांगरूळ,
तर हमाली शून्य.

तिचा पोरगा आपल्याच गाळ्यात हमाल होता.
थप्पी कोसळली.
मालक म्हणाले, हिची हमाली इथून पुढं आपली.
कागद केला नाही. मालकही गेले.
लिहिलेलं म्हणावं तर एवढंच, त्या ओळीत.

“एक अट घालू सूत्रात?”
घालता आली असती. दहा सेकंदांचं काम.
मी म्हटलं, राहू दे.

आता सगळी शीट पापणी लवायच्या आत भरते.
फक्त सात घरं अजून ‘अडतकाढ’ची.
शबाना म्हणते, सातानं काय फरक पडतोय,
मोजताबी येणार नाही.
मला मात्र वाटतं, तिथं आकडा
जरा थांबून उमटतो.

चहा आता टेबलावरच येतो. गार होतो.