उलटं हरण

बोरीच्या पुलाअलीकडे, सायकलवाल्याला लागून,
अमळनेरच्या त्या पत्र्याच्या दुकानात
सुकलाल ओतारी, माझे वडील,
चाळीस वर्षं सगळं उलटं कोरत आले.
जिनांची नावं, सोसायट्यांची नावं,
कापसाच्या गठाणींवर उमटायचे ते हत्ती, मोर,
एका शेटजींचं हरण,
उजवीकडे धावायला हवं म्हणून
पितळेत डावीकडे धावणारं.
घरीही ते तसेच.
कौतुक करायचं असलं की शिव्या देत.

पाटसकर सरांच्या लेकीनं परदेशातल्या संग्रहालयातून
करंगळीच्या पेराएवढा एक दंडगोल आणला होता.
असीरियातला, सर म्हणाले,
म्हणजे अस्सल नव्हे, नक्कल,
पण खाच न् खाच तीच.
(आतून माय: असुर म्हंजे राकेसच ना?)
अण्णांनी डोळ्यात भिंग खोवलं.
बराच वेळ दुकानात फक्त पंखा.
मग म्हणाले, "डावखुरा व्हता."
कोण?
"कोरणारा. शेपटीजोडे हात अडकना त्याना, दखा.
शिंगं मातर एक दमात."
सरांनी वहीत लिहिलं: डावखुरा.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आता ओली माती हवी होती,
आणि वैशाखातली बोरी म्हणजे नुसती वाळू.
माय कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती.
अण्णांनी गोळा मागून घेतला,
पाटावर लांबट थापला
आणि तळव्याखाली दंडगोल फिरवला.
सिंह आला.
त्याच्यापुढे पाय दुमडून पळणारा रानबोकड,
एक झाड, पंख फुटलेला बैल,
पुन्हा सिंह, पुन्हा बोकड, पुन्हा झाड.
माय वाकून बघत म्हणाली,
"हाऊ वाघ शे का आपला काळू?"
काळूनं उंबऱ्यावर एक कान हलवला.

मी चौथीत होते. विचारलं,
पकडतो कधी मग?
अण्णांनी पीठ पुसून सारखं केलं,
दंडगोल बोटांत जरासा वळवून
पुन्हा लावला.
या वेळी सगळ्यांच्या पुढे सिंह होता, जीव घेऊन पळणारा,
आणि मागे, झाड ओलांडून,
शिंगांसकट बोकड.
"कोठून सुरू करस त्यावर शे,"
अण्णा म्हणाले, आणि बिडी शोधू लागले.

मायनं ते पीठ वाया जाऊ दिलं नाही.
तिच्या हाताखाली सिंह आधी रुंद झाला,
मग पुसट,
मग तव्यावर टम्म फुगला.
ठेच्याबरोबर मी तो खाल्ला.
पापुद्र्यावर एक शिंग उरलं होतं,
किंवा करपलेला डाग असेल.

जिन कधीच बंद पडली. शेटजी सुरतेला गेले.
त्यांचं पितळी हरण माझ्याकडे आहे,
टेबलावर, बिलं उडू नयेत म्हणून.
कधी पोळ्या करताना कणकेवर दाबून बघते.
उजवीकडे धावतं, अजूनही, मान मागे वळवून.
त्याच्या मागे कोण लागलंय
ते अण्णांनी कोरलेलं नाही.