चार्ज देताना

ये मुबीन, हेल्मेट काढ, बस.
जुबैलमध्ये आज सेहेचाळीस आहे म्हणे.
या केबिनमध्ये थंड फक्त माझं लायसन,
काचेच्या फ्रेममध्ये.
उद्यापासून तिथे तुझं लागेल.
खिळा तोच.

कंपनीला माणूस नकोच होता खरं तर,
नंबर हवा होता. तपासणीवाले आले की
आधी भिंतीकडे बघतात, मग टाकीकडे,
टाकीकडे बघितलंच तर.
एजन्सीनं मला महिन्याच्या दरानं लावून दिलं.
त्यातलं माझ्या हाती किती आलं ते विचारू नकोस,
पहिल्या तारखेला तुझं तुलाच कळेल.

आता कामाचं बोलू.
मी आलो तेव्हा टाकी मेलेली होती,
काळी, सडक्या अंड्याच्या वासाची.
वाळवंटाच्या तोंडाशी उंटाच्या दुधाची डेअरी आहे,
तिथल्या प्लांटवरून एक टँकर गाळ मागून आणला,
शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसा.
तिथला ऑपरेटर टेकबहादूर पैसे घेईना.
त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि हसला,
विरजणाचे पैसे घेतात का, असंच असावं.
लागायला एकवीस दिवस लागले.
मी रात्री उठून बघायला जायचो.

रोज सकाळी एक लिटर काढ,
काचेच्या नळकांड्यात ठेव, अर्धा तास हात लावू नकोस.
चोथा खाली बसायला हवा, वर पाणी
ताकावरच्या निवळीसारखं.
नाही बसला तर मीटरचं ऐकू नकोस, नाकाचं ऐक.
लायसनच्या परीक्षेत नाकावर
एकही प्रश्न नव्हता.

फेस पांढरा असला तर समज, गाळ अजून कोवळा आहे.
तपकिरी, चिकट असला तर म्हातारा झाला,
थोडा काढून टाकायचा, नव्याला जागा करायची.
हे मी सहज सांगायचो
पन्नाशी पुरी होईपर्यंत.

गुरुवारी रात्री झोपू नकोस.
दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून वरचे लोक रिअ‍ॅक्टर धुतात
आणि न सांगता खाली सोडतात.
मार्चमधल्या एका गुरुवारी पीएच साडेअकरा.
सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली
एकही शेपूट हलत नव्हतं.

हुसाम साहेब वाईट माणूस नाही.
खुर्ची ओढून शेजारी बसला,
स्वतःच्या हातानं खजुराची ताटली पुढे केली,
मग रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाला,
इथे सात पॉइंट दोन लिही.

मी खजूर खाल्ला.
साडेअकरा लिहिलं.
बी टाकायला जागा नव्हती,
ती तोंडात धरूनच सही केली.

तर, म्हणून तू आलायस.
राग नाही रे. तू नसतास तर दुसरा कुणी आला असता,
आणि त्याला विरजण म्हणजे काय
ते समजावून सांगावं लागलं असतं.

तू बाणकोटचा, मी दाभोळचा,
दोघंही खाडीच्या काठचे.
गावात सांगतात, कोळंबेकरांचा मुलगा आखातात असतो.
आखात मी दोनदाच पाहिलं,
दोन्ही वेळा पाइपाच्या तोंडापाशी उभं राहून, हातात बाटली.
दुसऱ्या वेळी तिथे बोय मासे आले होते,
लहान, बोटाएवढे,
पडत्या पाण्याकडे तोंड करून उभे.
रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नाही.
मी कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय,
पान एकशे बारा. खोडू नकोस.

आणखी काय.
दोन नंबरच्या ब्लोअरचा पट्टा जुना आहे,
पहाटे तीनच्या सुमारास करकरतो.
आवाज आला तर घाबरू नकोस,
कूस बदल.
आवाज थांबला
तर धाव.