बस एकवीस, चाचणीचा दिवस

माझं काम एवढंच होतं :
ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात राउटर, छतावर अँटेना,
हिरवा दिवा लागला की सही घ्यायची
आणि एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन बघायचं.

सही केली व्हर्लीन स्टँपरनं, पेनचं टोपण दातांनी काढत.
सत्तावीस वर्षं ती ही पिवळी बस चालवतेय
पूर्व केंटकीच्या घळींमधून,
जिथं हिवाळ्यात ऊन दहाला येतं आणि तीनला डोंगराआड जातं.
माझं आडनाव तिच्या जिभेवर बसेना,
ती मला राउटरच म्हणू लागली.
"चालेल ना हे, राउटर?"
बघू, म्हटलं.

पहिली वीस मिनिटं दंगा, चिप्स, कुणाचा तरी बूट हवेत.
मग एकेक मान खाली गेली.
ब्रॅक्स्टन अपूर्णांकांशी भांडत होता काचेवर बोटानं :
वाफेत अंश, वाफेत छेद,
बाहीनं पुसायचं, मग उत्तर टाइप करायचं.
डार्सीनं निबंधाचा शेवट तीनदा खोडला.
मी नुसत्या दांड्या मोजत होतो.
चार. तीन. तीन. एक.

क्विलर्स फोर्कच्या पुलापलीकडे शून्य.
"इथं अकरा मिनिटं काहीच नाही," व्हर्लीन आरशात बघून म्हणाली,
"पोरांना कळेल दोन दिवसांत."
दोन दिवस कशाला?
संध्याकाळच्या फेरीलाच मागच्या बाकावरून हाळी आली :
पूल यायच्या आत पाठवा रे!
आणि सगळी बोटं एकदम धावली,
दूध उतू जायच्या आत गॅसकडे धावावं तशी.

रात्री बस चर्चच्या खडीवर उभी.
आठपर्यंत, असं ठरलेलं.
ट्रेलरमधून सात पोरं आली, एक तर पांघरुणासकट.
साडेसातला एक म्हातारा पायरी चढला,
दर पायरीला थांबत,
छातीत बारीक शिट्टी.
ओरिन टॅकेट. नातवाशेजारी बसला.
हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद :
कोळशानं खाल्लेल्या फुप्फुसांच्या भरपाईचा.
ऑफिसातली बाई म्हणाली होती, ऑनलाइन भरा, लवकर होईल.

खाणीत किती वर्षं, आजोबा?
एकतीस.
धूळ किती असायची?
म्हातारा हसला. हसताना खोकला.
खोकला थांबेपर्यंत पोरगं थांबलं,
कर्सर लुकलुकत राहिला,
आणि पान आपोआप बंद झालं.
पुन्हा पहिल्यापासून. नाव. जन्मतारीख. खाणीत किती वर्षं.

आठ वाजून गेले.
व्हर्लीननं घड्याळ पाहिलं,
किल्लीला हात लावला नाही,
पर्समधून विणकाम काढलं.

माझ्या अहवालात वापरणाऱ्यांचा रकाना होता,
आणि रकान्यात एकच पर्याय : विद्यार्थी.
मी आठ लिहिले.