सातवा भाग

दौलतनगरचा केबलवाला अण्णा चौगुले
शनिवारी पाचला कॅसेट लावायचा.
नागोयाला ट्रेनिंगला गेलेल्या कुणा इंजिनिअरनं आणलेली,
खोक्यावर शाईनं आकडे, बाकी सगळं जपानी.
टीव्हीच्या खालच्या कडेला पांढरी रेघ थरथरायची
आणि तिच्यावरून चालत यायचा
आकाशातला भंगारवाला.

त्याचं खरं नाव हारुओ. आम्ही हारबा म्हणायचो.
मेलेले उपग्रह गोळा करत फिरायचा,
सोबतीला एका डोळ्याची क्रेन. ती गंगव्वा.
ते काय बोलतात कुणालाच कळायचं नाही,
म्हणून सिकंदर बागवान बोलायचा.
भिंतीला टेकून, तोंडात शेंगा,
पडद्याच्या अर्धा शब्द पुढं:
‘ह्यो म्हणतोय, किलोला काय दर?
ती म्हणतीया, काटा खोटा हाय तुझा.’
शेवटचं गाणं लागलं की मात्र गप्प.

हारबाचा थोरला भाऊ दुसऱ्या जहाजावर होता.
दर शनिवारी सिकंदर त्याला थोडा जवळ आणायचा.
‘परवा दिसला म्हणं. चंद्राच्या पल्याड च्या पीत हुता.’
सिकंदरचा थोरला भाऊ त्या वर्षी मस्कतला होता,
पत्र नव्हतं.
या दोन गोष्टी मी आत्ता शेजारी ठेवतोय.
तेव्हा ठेवल्या नव्हत्या.

आता सव्वीस भागांचे तीन सिनेमे होणार.
पहिला काल लागला.
लेकीनं मोबाइलवर तीन तिकिटं काढली.
सिकंदर गाळा लवकर बंद करून आला,
शर्टाला पेरूचा वास.

पडद्यावर गंज. काय गंज होता!
मी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करतो.
जुनं कास्टिंग घणानं फोडून भट्टीत टाकतात,
नवं निघतं, तेच लोखंड,
आपण आधी पंपाचा पाय होतो का चरकाचं चाक
हे त्याला आठवत नाही.
इथं रिवेट न् रिवेट मोजून घ्यावी अशी.
पूर्वी ढग धक्के खात सरकायचे,
आता ढगासारखे ढग.
खोड काढायची म्हणून आलो होतो, निघाली नाही.

खाली इंग्रजी अक्षरं पळत होती.
स्वराली कानाशी सांगायला लागली:
‘बाबा, त्याचा भाऊ आधीच गेलाय.
हा त्याचं जहाज शोधतोय, पुरायला.
याला पहिल्यापासून माहितीय.’
मी डावीकडं बघितलं नाही.

सातवा भाग त्यांनी गाळला.
तसं त्यात काही घडत नव्हतंच.
इंजन बंद. हारबा दारात पाय सोडून बसलेला.
भात शिजतोय,
गंगव्वा वाफेकडं बघतीय.
बावीस मिनिटं.
त्या शनिवारी सिकंदरलाही सुचेना.
शेवटी एवढंच म्हणाला, ‘भुका लागल्यात.’
आम्ही हसलो, मग हसायचे थांबलो,
अण्णाच्या बायकोनं दिवा लावला तरी कुणी उठलं नाही.

सिनेमात इंजन बंद पडलं.
एक ठिणगी. इंजन सुरू.
दीड सेकंद असेल,
त्या दीड सेकंदात शेजारून आवाज आला:
‘भात राह्यला की रं.’
पुढचं पोरगं वळून म्हणालं, काका, प्लीज.

बाहेर पार्किंगची चिठ्ठी सापडेना.
स्वराली म्हणाली, कुठला भात?
सिकंदर खिसे चाचपत होता, चाचपतच राहिला.
‘त्या दिवशी इंजन बंद पडलं बघ.
ह्यो म्हणतोय, गंगव्वा, घाई न्हाई.
ती म्हणतीया, दोन मुठी जादा टाक.’
‘का?’
‘थोरला यायलाय न्हवं. तवंदीचा घाट चढतोय.’

मागं हॉर्न. वॉचमन म्हणाला,
चिठ्ठी नसली तर पन्नास रुपये.
सिकंदरनं नुसता हात वर केला,
थांब म्हणून,
आणि वॉचमन पण थांबला.