आठ-पन्नासची

आमचा आवाज पडावच्या पुलापर्यंत पोचतो.
चढावर खरखर सुरू होते,
उतारावर दुसऱ्याच कुणाचं गाणं लागतं.
म्हणून मी सांगते, पूल चढायच्या आत
ऐकून घ्या काय ते.

स्टुडिओ म्हणजे शाळेची जुनी प्रयोगशाळा.
भिंतींना मांडववाल्याच्या गाद्या,
त्यांच्यावर कुणाकुणाच्या लग्नातली हळद,
आणि बेसिनचा एक नळ,
लाल दिवा लागला की हमखास टपकणारा.

गुरुवारी अर्धा तास मराठी.
ऐकतं कोण, ते फोनवरून कळतं.
मुळेबाई, जिन्सी नाला नंबर दोन:
"गटाराचं झाकण अजून नाही.
मी त्यात खुर्ची उलटी रोवलीय.
खुर्ची माझी आहे, हे पण सांगा."
मी सांगते. खुर्ची त्यांची आहे.
रामसेवक कुशवाह टेम्पो चालवतो, मराठी येत नाही,
तरी लावतो. म्हणतो,
आपके यहाँ कोई चिल्लाता नहीं.

मागे एकदा पागनीस आले.
छोट्या लाइनचे फाटकवाले,
एकतीस वर्षं घोसीपुऱ्याकडे.
माइकला नमस्कार करून बसले.

"दोन फुटांचे रूळ हो, खेळण्यातले वाटायचे.
पण फाटक टाकलं की डॉक्टर थांबे, वरात थांबे,
घोड्यावरचा नवरदेव मला वेळ विचारी.
गाडी इतकी सावकाश, की गार्ड उतरून पेरू घेई,
सुट्टे मोजून घेई, परत चढे.
आता रूळ काढून नेले. वर डांबर.
पण एक उंचवटा राहून गेलाय बघा,
मोटरी तिथं आपोआप हळू होतात.
मी टपरीवर बसून बघत असतो.
माझंच काम करून राहिलाय तो,
बिनपगारी."

मी विचारलं, आठ-पन्नासची यायची
तेव्हा आवाज कसा व्हायचा?

त्यांनी तोंड उघडलं, आणि थांबले.
हात वर. पंजा सरळ.
नळ टपकला.
मी बोटानं खूण केली, बोला.
त्यांनी मान हलवली, आधी जाऊ द्या.
पुन्हा एकदा टपकला.
मग हात खाली आला.
"हां. आता विचारा."

रात्री पडद्यावर ती रेघ सपाट पडली होती.
एकोणीस सेकंद, मधे दोन मुंग्या.
आमच्या यंत्राला शांतता चालत नाही.
पाच सेकंद कुणी बोललं नाही तर त्याला वाटतं,
स्टेशन बंद पडलं,
आणि ते आपल्या मनानं जाहिरात लावतं.
कापायला हवं होतं.
तीनदा कापलं.
तीनदा परत जोडलं.

गुरुवारी सात बावीसला
पागनीसांचा हात वर गेला,
कुणालाच न दिसणारा.
एक थेंब पडला,
आणि एक बाई हसऱ्या आवाजात म्हणाली,
नळपट्टी तीस तारखेच्या आत भरा,
पाच टक्के सूट मिळवा.

लगेच फोन. मुळेबाई.
मला वाटलं, झाकण.

"झाकण बसलं. बसवणाऱ्यांनी खुर्ची नेली.
ते राहू दे.
त्यांची गाडी अर्धीच गेली ना.
मागचे डबे फाटकातच राहिले.
मी इकडं पिशवी घेऊन उभी,
ओलांडू की नको?"

पागनीसांना परत बोलावलंय.
तोच प्रश्न विचारणार आहे.
प्लंबर आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.
नळ मी स्वतःच जरा सैल करून ठेवलाय,
चार सेकंदांना एक थेंब,
म्हणजे यंत्राला वाटत राहील
कुणीतरी बोलतंय.